‘सगळीकडे’ या एका शब्दाचे सात महिने

आमच्या संस्थेची गोव्यात तीन वाचनालयं आहेत: फोंड्याला, डिचोलीला आणि पेडण्याला. फोंड्यात साधारण चौदा हजार पुस्तकं, पेडण्यात आठ, डिचोलीत साडेतीन. १० जून २०२४ला शिरोड्याहून एक गृहस्थ एका जुन्या संगीत नाटकाची संहिता शोधत फोंड्याला आले. आमच्या ग्रंथपाल काकींनी संगणकात पाहिलं, नव्हती. पेडण्याला फोन केला, तो उचलला गेला नाही. डिचोलीचं वाचनालय चारला उघडतं आणि तेव्हा वाजले होते अकरा. गृहस्थ शेवटच्या बसचं कारण सांगून निघून गेले. सकाळी अकरा वाजता शेवटची बस कुठली हे काकींनी विचारलं नाही, पण मला सांगताना त्या म्हणाल्या, “तीन वाचनालयं आहेत म्हणतो आपण. खरं तर एकेकच आहे, तीन वेळा.”

मी डेटाबेसची तज्ज्ञ नाही. दिवसा एका कंपनीत हिशेबाचे रिपोर्ट काढते, त्यामुळे एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) लिहिता येतं, एवढंच. संस्थेवर मी नुसती सभासद. तरी घरी येताना डोक्यात एकच प्रश्न होता: एकच क्वेरी, म्हणजे असा प्रश्न, लिहिली आणि ती तिन्ही ठिकाणी जाऊन उत्तर घेऊन आली तर? मला वाटलं, दोन रविवारांचं काम. सात महिने लागले. कुणाला असंच काही करायचं असेल तर वेळ नेमका कुठे जातो हे आधी कळावं, म्हणून हे लिहिते आहे.

तिन्हीकडची व्यवस्था वेगळी. फोंड्याला कोहा आहे. हे वाचनालयांसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर मूळ न्यूझीलंडचं; तिथल्या माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. त्याच्या पोटात मारियाडीबी हा डेटाबेस असतो. पेडण्याला एका विक्रेत्याने बनवून दिलेला प्रोग्रॅम, त्याच्या खाली पोस्टग्रेस हा दुसराच डेटाबेस. डिचोलीला कुणाच्या तरी भाच्याने कॉलेजात असताना लिहिलेला प्रोग्रॅम आणि एसक्यूलाइटची एकच फाइल. भाचा आता पुण्यात असतो.

याआधी दर महिन्याला तिघांकडून एक्सेलच्या याद्या मागवून एकत्र करायचा प्रयत्न झाला होता. एप्रिलची यादी जूनमध्ये आली, आणि तिथेच तो थांबला.

परवानगीसाठी ३० जूनची रविवारची कार्यकारिणीची सभा मिळाली. मी तोंडी सांगायला गेले होते. चिटणीस म्हणाले, अर्ज लेखी द्या. तिथेच वहीतलं पान फाडून अर्ज लिहिला. खजिनदारांनी तो वाचला आणि विचारलं, “बाय, हें कशाक जाय?” (हे कशाला हवं?) मी शिरोड्याच्या गृहस्थांची गोष्ट सांगितली. त्यावर पाऊण तास चर्चा झाली, तीही बरीचशी ती संहिता नेमकी कुठल्या कंपनीच्या प्रयोगाची असेल यावर. खरी अडचण अध्यक्षांनी काढली, आणि ती रास्त होती: सभासदांचे फोन, पत्ते, कोणी काय वाचलं, हे सगळं त्याच डेटाबेसमध्ये आहे. २०२३चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झालेला आहे, उद्या कोणी विचारलं तर? म्हणून ठरावात मी स्वतःच ओळ घालून घेतली की फक्त पुस्तकांची आणि प्रतींची टेबलं वाचली जातील, सभासदांचं टेबल उघडलं जाणार नाही, आणि कुठेही काही लिहिलं जाणार नाही. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत १९ जुलैला हातात आली. तिच्या चार झेरॉक्स काढून ठेवा असं मी कुणालाही सांगेन. प्रत्येक दारात एक लागते.

फोंड्याचं काम सगळ्यात सोपं गेलं. कोहात पुस्तकाचं नाव आणि लेखक एका टेबलात असतात, प्रती दुसऱ्यात. प्रत बाहेर गेलेली असेल तर तिच्या ओळीत परतीची तारीख असते, नसेल तर तो रकाना रिकामा. मारियाडीबीत एक नवा युजर केला आणि त्याला फक्त या दोन टेबलांवर वाचण्याचा हक्क दिला. पूर्ण डेटाबेसवर हक्क देऊन ‘आपण बघणार नाही’ असं म्हणण्यापेक्षा हे बरं. ठरावाची प्रत आणि हक्कांची यादी शेजारी ठेवून दाखवता येते.

अडलं ते नेटवर्कवर. तिन्हीकडे घरगुती ब्रॉडबँड आहे, त्यामुळे बाहेरून पोचता येईल असा स्वतःचा पत्ता कोणाकडेच नाही. एका सार्वजनिक पत्त्यामागे कंपनी कितीतरी ग्राहक बसवते. हे कळायला मला दहा दिवस लागले. तोवर मी राउटरला शिव्या घालत होते. मग महिना ६४० रुपयांचा एक छोटा भाड्याचा सर्व्हर घेतला आणि तिन्ही संगणकांनीच त्याच्याकडे वायरगार्डचा बोगदा, म्हणजे इंटरनेटवरची खाजगी जोडणी, उघडायचा असं केलं. दर २५ सेकंदांनी एक छोटं पाकीट पाठवायची सेटिंग असते, ती घातली नाही तर बोगदा आहे असं वाटतं पण बाहेरून हाक मारली की उत्तर येत नाही. पहिले तीन महिन्यांचे पैसे मी घातले. नंतर पावत्या लावल्यावर संस्थेने दिले.

पेडण्याचं सांगते, पण थोडक्यात, कारण आठवलं की अजून डोकं तापतं. डेटाबेसचा पासवर्ड विक्रेत्याकडे. देखभालीचा करार दोन वर्षांपूर्वी संपलेला. “वाचण्यापुरता एक युजर करून द्या” या विनंतीला पहिलं उत्तर आलं ते नव्या कराराचं कोटेशन, १२ हजारांचं. पत्रव्यवहारात ऑगस्ट गेला. मग चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आली, ७ सप्टेंबरला, आणि चवथीच्या आधी आठ दिवस आणि नंतर आठ दिवस गोव्यात कोण कुणाला पासवर्ड देतो! शेवटी ३५०० रुपये ‘भेटीचे’ म्हणून घेऊन त्यांचा माणूस आला आणि अकरा मिनिटांत काम करून गेला. पुढच्या वेळी कुठलाही करार करताना ‘डेटा वाचण्याचा हक्क संस्थेकडे राहील’ एवढी एक ओळ आम्ही घालणार आहोत.

डिचोलीला उसगाव-साखळीवरून दोन बसेस बदलून तीन खेपा झाल्या. एसक्यूलाइट हा सर्व्हर नाहीच, नुसती फाइल आहे. तिला दुरून प्रश्न विचारता येत नाही. मग रोज संध्याकाळी फाइलची प्रत बोगद्यातून पाठवायची असं ठरलं. पहिल्यांदा मी चालू प्रोग्रॅमखालची फाइल तशीच कॉपी केली आणि अर्धवट प्रत आली. ‘व्हॅक्यूम इन्टू’ ही आज्ञा एसक्यूलाइटमध्येच आहे. तिने धड, सुसंगत प्रत निघते, कोणी तेव्हा पुस्तक देत-घेत असलं तरी. दुसरी भानगड: २०११च्या आधीच्या नोंदी युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेल्या. त्या फाँटशिवाय पाहिलं तर ‘कथा’ऐवजी नुसती चिन्हांची रांगोळी. त्या अकराशे नोंदी रूपांतर करून एकेक तपासल्या. त्यातल्या सहाशे काकींनी, दुपारी गिऱ्हाईक नसताना.

आता मुख्य गोष्ट. एसक्यूएलच्या प्रमाणात बाहेरच्या डेटासाठी एक वेगळा भागच आहे. एसक्यूएल-मेड म्हणतात त्याला, आणि पोस्टग्रेसने तो फॉरेन डेटा रॅपर या नावाने घेतला. भाड्याच्या सर्व्हरवर मी पोस्टग्रेस १६ टाकलं. दुसरा डेटाबेस कुठे आहे हे एका आज्ञेत सांगायचं, तिथे कुठल्या नावाने जायचं हे दुसऱ्या, आणि तिथली टेबलं इथे दिसू देत हे तिसऱ्या. त्या तिसऱ्या आज्ञेत ‘एवढीच टेबलं’ अशी मर्यादा घालता येते, ती घाला. मग ते टेबल इथलंच असल्यासारखं वापरता येतं. पोस्टग्रेससाठी एक रॅपर, मारियाडीबीसाठी दुसरा, एसक्यूलाइटसाठी तिसरा. २२ सप्टेंबरला, रविवारी दुपारी, पहिल्यांदा एकाच क्वेरीतून तिन्ही गावांच्या पुस्तकांची संख्या आली. मी काकींना फोन केला. त्या जेवत होत्या. “बरं झालं,” म्हणाल्या, “पण मी विचारायचं कसं?”

तीन स्कीमा (टेबलांचे गट), तीन टेबलं, तीन प्रकारची रकान्यांची नावं. काकींनी बासष्टाव्या वर्षी माझ्याकडून सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर शिकून घेतलं होतं, पण तीन-तीनदा तेच लिहायला त्या तयार नव्हत्या. त्यांना हवं होतं, डेटाबेसच्या नावाच्या जागी ‘सगळीकडे’. म्हणजे भाषेतच एक शब्द वाढवायचा.

ऑक्टोबर त्यात गेला. मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला: क्वेरीत ‘सगळीकडे’ दिसलं की तिच्या तीन क्वेऱ्या करायच्या आणि युनियन ऑलने (निकाल एकाखाली एक जोडणाऱ्या आज्ञेने) जोडायच्या. आधी नुसती शोधून-बदलण्याची युक्ती केली. ती पहिल्याच आठवड्यात फसली, कारण काकींनी नावात ‘सगळीकडे’ शब्द असलेलं पुस्तक शोधलं. माझ्यावरचा विश्वास तपासायला मुद्दाम, असा मला संशय आहे. मग क्वेरीचं नीट पार्सिंग करणारी, म्हणजे तिचं व्याकरण ओळखणारी, तयार कोडची लायब्ररी घेतली. ३० ऑक्टोबरच्या रात्री वाड्यावर दिवाळीच्या पहाटे जाळायच्या नरकासुराचा डीजे चालू होता, झोप शक्यच नव्हती, तेव्हा जवळजवळ दोनशे ओळी पूर्ण केल्या.

त्याच सुमारास वाचताना एक जुना शोधनिबंध सापडला: स्कीमाएसक्यूएल, लक्ष्मणन, सद्री आणि सुब्रमण्यन यांचा. तो मांडला गेला १९९६च्या व्हीएलडीबी या डेटाबेसवरच्या परिषदेत, आणि ती परिषद भरली होती मुंबईत! डेटाबेसचं नाव क्वेरीत हाताने न लिहिता त्याच्या जागी चल (व्हेरिएबल) ठेवायचा, आणि तो चल डेटाबेसांच्या नावांवरून फिरवायचा, अशी एसक्यूएलची वाढ त्यांनी सुचवली होती. म्हणजे डेटाबेसचं नाव हेही विचारता येण्याजोगं मूल्य झालं. ते वाचून मी माझ्या दोनशे ओळींकडे पाहिलं. नाव हे मूल्यच असेल, तर ते रकान्यात का ठेवू नये?

मग ‘सगळीकडे’ नावाची एक स्कीमा केली आणि तिच्यात ‘पुस्तके’ नावाचा एक व्ह्यू, म्हणजे टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी. त्यात तिन्ही टेबलं युनियन ऑलने जोडलेली आणि प्रत्येकीला एक जादा रकाना, ‘कुठे’. बस्स. काकी लिहितात: सगळीकडे.पुस्तके यातून नाव आणि कुठे दे. आणि ‘कुठे’ बरोबर ‘डिचोली’ अशी अट घातली, तर पोस्टग्रेसचा नियोजक (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) बाकीच्या दोन फांद्या मुळातच कापतो, त्या गावांना प्रश्न जातच नाही. दोनशे ओळी पुसून टाकल्या. नरकासुर दहन झाल्यावर उरतो तेवढाच सांगाडा उरला.

पोस्टग्रेसला देवनागरी नावं अवतरणचिन्हांशिवायही चालतात. पण नावाची मर्यादा ६३ बाइटची, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, मात्रा आणि अनुस्वार धरून. म्हणजे एकवीसच चिन्हं. माझ्या एका टेबलाचं लांबलचक नाव मध्येच तुटलं, एक सूचना छापून, जी मी वाचली नाही. नावं आखूड ठेवा.

नोव्हेंबरमध्ये खरी मेहनत सुरू झाली, आणि तिचा डेटाबेसांशी थेट संबंध नव्हता. लेखकाने शोधलं की निम्मी पुस्तकं गायब. पेडण्याच्या जुन्या देणगीच्या संग्रहात लेखकांची नावं रोमनमध्ये, तीही पोर्तुगीज वळणाने लिहिलेली. नाईक म्हणजे शेवटी क्यू-यू-ई. कामतांचं स्पेलिंग वाचलं तर ‘कामोतिम’. देसाईंना दोन एस. फोंड्याला तीच माणसं देवनागरीत, कुठे आडनाव आधी, कुठे ‘प्रा.’ आधी. यावर हुशारीचा उपाय सापडला नाही. पर्यायी नावांचं एक टेबल केलं आणि रविवारी बसून ३१२ जोड्या हाताने भरल्या. त्यातल्या काही फक्त अध्यक्षांनाच ठाऊक होत्या: अमुक घराणं कागदावर काय लिहायचं आणि गावात काय म्हणवून घ्यायचं.

त्याहून छळलं ते ‘किनाऱ्या’ने. पडद्यावर दोन ‘किनाऱ्यावर’ अगदी सारखे दिसत, पण जुळत नसत. अर्धा र लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत: एक ‘ऱ’ आणि हलंत, दुसरी साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडक. डोळ्याला एकच, यंत्राला वेगळे. पोस्टग्रेसचं नॉर्मलाइझ फंक्शन (समतुल्य अक्षरं एकरूप करणारं) इथे उपयोगी पडत नाही, कारण युनिकोडच्या लेखी हे दोन समतुल्यच नाहीत. शेवटी स्वतःचं फंक्शन लिहिलं: जोडकवाला र बदल, जादा मोकळ्या जागा काढ, ‘प्रा.’, ‘डॉ.’, ‘कै.’ उडव.

आणि हे फंक्शन व्हेअरमध्ये, म्हणजे क्वेरीच्या अटीत, घातल्याबरोबर सगळं रखडलं. फोंड्याहून उत्तर यायला सेकंद लागायचा, तो आता मिनिटभर. क्वेरी आतून कशी चालते ते दाखवणारं एक्स्प्लेन व्हर्बोज लावून पाहिलं तेव्हा कळलं. साधी अट असेल तर रॅपर ती पलीकडे पाठवतो आणि जुळणाऱ्याच ओळी परत येतात. पण माझं फंक्शन पलीकडे अस्तित्वातच नाही. मग तो आख्खं टेबल इकडे ओढतो आणि इथे गाळतो. पेडण्याहून तर एका वेळी शंभरच ओळी येत होत्या, मूळ सेटिंग तशीच असते. आठ हजार ओळी म्हणजे ऐंशी फेऱ्या, एकेका फेरीला पाव सेकंद. फेच साइझ, म्हणजे एका फेरीतल्या ओळी, वाढवल्यावर तेवढं सुधारलं, पण रोग तोच राहिला.

तोडगा निघाला तो तडजोडीचा. पुस्तकांची नावं रोज बदलत नाहीत, तेव्हा ती इथेच मटेरिअलाइझ्ड व्ह्यूमध्ये (निकाल धरून ठेवणारा व्ह्यू) साठवायची, सुधारलेल्या नावांसकट. बदलतं ते पुस्तक कपाटात आहे की बाहेर, एवढंच; ते मात्र सापडलेल्या दोन-चार प्रतींपुरतं थेट त्या गावाला (डिचोलीचं असेल तर तिथून आलेल्या फाइलला) विचारायचं.

साठा ताजा करायची वेळ मी रात्री दोनची ठेवली, जशी सगळे ठेवतात. आठवडाभर रोज सकाळी अपयशाचा निरोप. रात्री वाचनालयाचे संगणक बंद असतात हे मला सुचलंच नाही! डिचोलीला तर मेन स्विचच काढतात. आता फोंडा सकाळी अकराला, पेडणे बाराला, डिचोली साडेचारला. आधी तिघांचा मिळून एकच साठा होता, त्यामुळे पेडण्याची वीज गेली की सगळंच फसायचं. तीन वेगळे केले, आता ज्याचा फसतो त्याची कालची प्रत राहते. बंद संगणकाची वाट बघत क्वेरी दोन मिनिटांहून जास्त लटकायची, म्हणून जोडणीची मुदत पाच सेकंदांवर आणली. आणि थेट विचारणारं फंक्शन असं लिहिलं की गाव बोललं नाही तर चूक फेकायची नाही, ‘माहीत नाही’ असं उत्तर द्यायचं. हे सगळं १९ डिसेंबरला, मुक्तिदिनाच्या सुट्टीत, एका दमात झालं. पेडण्याला प्रत्यक्ष जायचं त्या आठवड्यात टाळलं होतं, कारण जुन्या गोव्याला सेंट फ्रान्सिस झेवियरचं शवप्रदर्शन चालू होतं आणि फोंड्याहून पणजीपर्यंतच बस दीड-पावणेदोन तास घेत होती.

दुसऱ्या वाचनालयातली प्रत इथूनच राखून ठेवायचं बटण सगळ्यांनी मागितलं. ते मी केलं नाही. ठरावात फक्त वाचायचं लिहिलंय हे एक कारण. दुसरं असं की दोन डेटाबेसांत एकदम लिहिताना एकाने हो म्हटलं आणि दुसरा मध्येच पडला, तर दोघांना मागे घेण्याची हमी हे रॅपर देत नाहीत. त्यापेक्षा फोन बरा.

१३ जानेवारीला, सोमवारी, फोंड्याच्या टेबलावर ते सुरू झालं. एकूण खर्च सव्वाआठ हजारांच्या आत: सर्व्हर, विक्रेत्याची भेट, बसभाडं, झेरॉक्स. पहिली क्वेरी काकींनी शिरोड्याच्या गृहस्थांसाठीच लिहिली, त्यांचा नंबर त्यांनी जपून ठेवला होता. संहिता निघाली. कुठे: डिचोली. स्थिती: कपाटात.

चार वाजता डिचोलीला फोन केला. तिथल्या बाईंनी कपाट पाहिलं, मग जवळचं दुसरं पाहिलं. मग म्हणाल्या, “ती संहिता ना? ती अध्यक्षांच्या घरी आहे. तीन वर्षं झाली. नोंद कोण करणार त्यांच्या नावावर!”

अध्यक्षांनी ती दुसऱ्या दिवशी स्वतः आणून दिली, खाकी कव्हर घालून. तिची नोंद आता ‘फोंडा’ अशी आहे, आणि दंड किती झाला ते विचारायची कुणाची छाती नाही.